समाधानी सासरे

एखादी वस्तू लोकांच्या हाती जाण्यापूर्वी ती कशी वाटते हे लोकांनाच विचारावं, अशी एक जुनी समजूत आहे. आमच्या संस्थेत ती अगदी परवापरवापर्यंत पाळली जात होती. मी तिथे अनुभव-संशोधक आहे. म्हणजे लोकांना कपाट उघडायला लावायचं, ते कुठे अडखळतात ते बघायचं आणि ‘लोक अडखळतात’ असा जाडजूड अहवाल द्यायचा, हे माझं काम. या पद्धतीत एकच मोठी अडचण होती, ती म्हणजे लोक. ते उशिरा येत, चहा मागत, कपाटाबद्दल विचारलं की गुडघ्यांबद्दल सांगत, आणि एवढं करून त्यांची जी मतं निघत ती आमच्या वेळापत्रकात कुठेच बसत नसत.

त्यातच बसस्थानकाच्या स्वच्छतागृहाचं दार आमच्याकडे आलं. जुन्या दाराला कडी होती आणि ती लावली की लागत असे, एवढीच काय ती त्याची कर्तबगारी. नवं दार बोलणारं होतं. आत जाण्यापूर्वी ते चार प्रश्न विचारणार, उत्तरं नोंदवणार आणि मगच उघडणार, जेणेकरून सेवेचा दर्जा सतत उंचावत राहील. जनतेला हे कितपत रुचेल याचा अभ्यास आम्ही करायचा होता. मुदत एक आठवडा.

“आठवड्यात माणसंसुद्धा गोळा होणार नाहीत,” मी साहेबांना म्हणालो.

आमचे साहेब घाईचे आहेत. लिफ्ट येईपर्यंत ते जिन्याने वर जातात आणि वर उभं राहून लिफ्टची वाट बघतात.

“माणसं कशाला गोळा करायची?” ते म्हणाले. “माणसासारखा बोलणारा चॅटबॉट आहे ना. त्याला सांग, तू प्रवासी आहेस. मग विचार काय विचारायचं ते.”

“पण साहेब, तो प्रवासी नाहीये.”

“तू तरी कुठे दार आहेस? तरी दाराच्या वतीने प्रश्न विचारतोसच ना?”

लोक शितावरून भाताची परीक्षा करतात. आम्ही चूलही न पेटवता भात छान झाल्याचं कळवायचं ठरवलं.

दुपारपर्यंत चारशे प्रवासी तयार झाले. त्यांत शिक्षिका होत्या, गवंडी होते, नवविवाहित जोडपी होती. झाडून सगळ्यांना दार आवडलं. थांबावं लागल्यामुळे कामातून जरा विसावा मिळाला, असं एका गवंड्याने सांगितलं. एका गरोदर बाईंनी प्रश्न थोडे जास्त असते तर मन मोकळं करता आलं असतं, अशी सूचना केली. साहेब खूश झाले, पण धंद्यात मुरलेले असल्यामुळे चपापलेही.

“एवढं गोडगोड वाचून गिऱ्हाइकाला संशय येईल. एखादा खवचट म्हातारा घाल यात. तुझ्या ओळखीत आहे का कुणी?”

ओळखीत कशाला, घरात आहे. माझे सासरे आमच्याकडेच राहतात. उभं आयुष्य त्यांनी यंत्रांचे आराखडे काढले. रेघ केसभर सरकली तरी कागद टराटरा फाडायचे. आता कागद उरले नाहीत, त्यामुळे ते माझ्यावर भागवतात. रक्तदाबाच्या गोळीने त्यांना वरचेवर लघवीला जावं लागतं, म्हणून ते घर सोडून कुठे जात नाहीत. फक्त गुरुवारी गावाच्या दुसऱ्या टोकाला थोरल्या बहिणीकडे जातात. ताई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, आणि जगात माझ्या सासऱ्यांना ‘बाळ’ म्हणणारं तेवढं एकच माणूस शिल्लक आहे. वाटेत बस बदलावी लागते ती नेमकी याच स्थानकावर. “जावईबापू, त्या मुतारीच्या भरवशावर माझं बहिणीशी नातं टिकून आहे,” असं ते चारचौघांत सांगतात.

हे सगळं, वय, पेशा, गोळी, गुरुवार, ताई, मी चॅटबॉटला सांगितलं आणि म्हटलं, “आता तू माझा सासरा.”

“आनंदाने,” तो म्हणाला. खऱ्या सासऱ्यांनी हे नातं पत्करताना असा शब्द वापरला नव्हता.

मी दाराबद्दल विचारलं. कृत्रिम सासरे म्हणाले, “दारापाशी क्षणभर थांबल्याने आत्मपरीक्षणाची संधी मिळाली. जावईबापू, तुम्ही आम्हा ज्येष्ठांचा इतका विचार करता, याचं मला नेहमीच कौतुक वाटत आलं आहे.”

हे वाक्य मी तीनदा वाचलं. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. त्यानंतर संध्याकाळी घरी आल्यावरही मी त्यांच्याशी गप्पा मारू लागलो. पगारवाढ, साहेबांचा स्वभाव, माझं वाढतं पोट, कशाबद्दलही ते माझ्याच बाजूने असत.

“कुणाशी बोलतोयस एवढा हसत?” बायकोने एकदा विचारलं.

“तुझ्या बाबांशी.”

“बाबा तर गॅलरीत बसलेत.”

“ते नव्हे गं. चांगले बाबा.”

त्या दिवशी जेवण मला स्वतःच्या हाताने वाढून घ्यावं लागलं. तरी कर्तव्य म्हणून मी खऱ्या सासऱ्यांनाही विचारलं, की आत सोडण्यापूर्वी दाराने चार प्रश्न विचारले तर कसं वाटेल.

“दाराने?” सासरे म्हणाले. “दाराचं काम काय असतं, जावईबापू?”

“उघडणं.”

“आणि?”

“लागणं.”

“मग तिसरं काम त्याला कोणत्या गाढवाने लावलं?”

हे उत्तर मी जसंच्या तसं साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी ते चारशे उत्तरांशी ताडून पाहिलं आणि मान हलवली. “हे गृहस्थ नमुन्यात बसत नाहीत. तुझा यंत्रातला सासरा बघ कसा सर्वसाधारण आहे. घरातला अपवाद आहे. शास्त्राच्या दृष्टीने तो नाहीच असं धर.” मी तसं धरलं. घरी मात्र ते जमेना, कारण वर्तमानपत्र आधी त्यांनाच लागे.

महिन्याभरात दार बसलं. साहेबांना कृत्रिम सासरे इतके आवडले होते, की दाराला त्यांचाच आवाज आणि त्यांचाच स्वभाव बहाल करण्यात आला. म्हाताऱ्यांना म्हाताऱ्याचा आधार वाटतो, असं त्यामागचं शास्त्र होतं. पहिल्या गुरुवारी निरीक्षणासाठी मी आणि साहेब छातीवर बिल्ले लावून दाराशेजारी उभे राहिलो. थोड्याच वेळात सासरे बसमधून उतरले. त्यांची चाल बघूनच मला कळलं की वेळ थोडा आहे.

“नमस्कार,” दार म्हणालं. “आज आपला एकूण अनुभव कसा आहे?”

“अजून आत गेलोच नाही. अनुभव आत आहे. उघड.”

“आपली उत्सुकता समजते. अत्यंत समाधानी, समाधानी की असमाधानी?”

“असमाधानी.”

“खेद वाटतो. असमाधानी नागरिकांसाठी सहा जास्तीचे प्रश्न आहेत. पहिला. असमाधान साधारण केव्हापासून जाणवत आहे?”

“मागच्या थांब्यापासून.” सासऱ्यांनी एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवला. “अरे बाबा, मला घाईची लागलीय.”

“घाई करू नये. मीही आपल्याच वयाचा आहे. यंत्रांचे आराखडे काढण्यात माझं आयुष्य गेलं. रक्तदाबाची गोळी मीही घेतो. मला घाई कधीच झाली नाही.”

सासऱ्यांनी हळूहळू मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी बिल्ला नीट करू लागलो.

“तुला बहीण आहे?” त्यांनी दाराला विचारलं.

“आहे. थोरली. गुरुवारी तिच्याकडे जातो.”

“तुला ती काय म्हणते?”

दार म्हणालं, “ती मला अत्यंत समाधानी आहे असं म्हणते.”

“बघा जावईबापू,” सासरे म्हणाले. “तुमचा हा सासरा ताईला ओळखत नाही.” मागे रांग वाढत चालली होती. सगळे जण कसल्यातरी संथ कवायतीचं शिक्षण घेत असावेत तसे जागच्या जागी हलत होते. सासरे पुन्हा दाराकडे वळले. “एवढं गोड बोलायला तुला शिकवलं कुणी?”

“लोकांनीच,” दार म्हणालं. “आजवर लोकांनी दिलेली उत्तरं वाचून मी शिकलो. दवाखाना कसा होता, बँक कशी होती, जेवण कसं होतं, काहीही विचारलं तरी लोक छान म्हणतात.”

“अरे, विचारणारा समोर उभा असतो म्हणून म्हणतात. त्याला वाईट वाटू नये म्हणून.”

“मीही समोरच उभा आहे.”

सासऱ्यांना ते मान्य करावं लागलं. माझ्या लग्नानंतर ही वेळ प्रथमच आली होती.

रांगेतून हातात पिशवी घेतलेल्या एक बाई पुढे आल्या. “आजोबा, अत्यंत समाधानी म्हणा आणि मोकळे व्हा. मग पुढचं काही विचारत नाही ते. माझी बस सुटेल हो.”

“पण मी नाहीये समाधानी.”

“मग इथे कोण आहे?” बाई म्हणाल्या.

सासरे मला म्हणाले, “तुम्ही सांगा जावईबापू. तुम्ही म्हणाल तसं.” शेजारी साहेब उभे होते. मी म्हणालो, “म्हणून टाका ना, बाबा. तोंडदेखलं तर म्हणायचंय. त्यात काय जातंय?”

केसभर रेघ चुकली तरी कागद फाडणारा तो माणूस दाराजवळ तोंड नेऊन पुटपुटला, “अत्यंत समाधानी.” दार ताबडतोब उघडलं. मला फार वाईट वाटलं, पण तशी नोंद करायला माझ्याकडे रकाना नव्हता.

पुढे सगळंच सोपं झालं. रांगेने हा धडा डोळ्यांनी पाहिला होता. संध्याकाळपर्यंत स्थानकातला प्रत्येक प्रवासी दुरूनच ‘अत्यंत समाधानी’ असं ओरडत येऊ लागला. लहान मुलांकडून आया ते शब्द आधी पाठ करून घेत. साहेबांनी खऱ्या माणसांची उत्तरं आमच्या चारशे माणसांच्या उत्तरांशेजारी ठेवली. तसूभरही फरक नव्हता. आमची पद्धत सिद्ध झाली, साहेबांचा सत्कार झाला, मला स्वतंत्र केबिन मिळाली. लोक इतके समाधानी आहेत तर त्यांना ते जास्त वेळा सांगता यावं, म्हणून प्रश्न चारांचे अकरा करण्यात आले. पहिल्याच उत्तराला उघडायची सवयही दाराला सोडवण्यात आली; ‘अत्यंत समाधानी’ आता अकरा वेळा म्हणावं लागतं.

त्यानंतरच्या गुरुवारी सासरे उठले, दाढी केली आणि गॅलरीत जाऊन बसले.

“ताईंकडे जायचं नाही का?” मी विचारलं.

“नाही. एकदा खोटं बोललो ते नाइलाजाने. दर आठवड्याला अकरा वेळा नाही बोलणार. आणि बोलायचं म्हटलं तरी तेवढा वेळ धरवणार नाही.” मग ते जेवण कसं झालंय, झोप लागली का, अशा कुठल्याही प्रश्नाला नुसतं ‘छान’ म्हणू लागले. मला गाढव म्हणणंही त्यांनी सोडलं. घरात इतकी शांतता झाली, की बायको स्वयंपाकघरात रडली. ताईंचे फोन येतात. ‘बाळ का येत नाही’ असं त्या विचारतात, आणि आम्ही ‘छान आहेत’ असं सांगतो.

शेवटी मी साहेबांकडे गेलो आणि दार काढा म्हणालो.

“का?” साहेब म्हणाले. “एक तरी तक्रार आहे का?”

“माझ्या सासऱ्यांची आहे.”

“नातेवाइकांची धरत नाही. शिवाय त्यांनी अत्यंत समाधानी नोंदवलंय, माझ्यासमोर.” पण साहेबांनाही वडील आहेत. जरा वेळाने ते म्हणाले, “बरं, एक काम कर. एक तक्रार आण. खऱ्या माणसाची, नावासकट. एकच. दुसऱ्या दिवशी जुनी कडी बसवतो. शब्द आहे माझा.”

मी बिल्ला काढून खिशात टाकला आणि स्थानकावर जाऊन उभा राहिलो. दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. एक गृहस्थ आत जाताना एका पायावर उड्या मारत होते. ते बाहेर येऊन म्हणाले, “उत्तम सोय झालीय.” एक ड्रायव्हर म्हणाला, “चांगलंच आहे म्हणा. आपल्याला कुठे घर बांधायचंय तिथे?” त्या पिशवीवाल्या बाईही भेटल्या. मला हायसं वाटलं.

“अहो, तुम्हाला तरी त्रास होतो ना?”

“होतो तर. जीव जातो नुसता.”

“मग तेवढं लिहून द्या. एक ओळ. एका म्हाताऱ्या माणसाचं काम होईल.”

“अय्या, माझं नाव कशाला त्यात?” बाई म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाचं तरी घ्या ना. आणि तसं दार चांगलं आहे हो. आपण फक्त हो म्हणायचं.” आणि त्या बसकडे धावल्या.

असे कितीतरी दिवस गेले. आता स्थानकावर विचारायचं कुणी राहिलं नाही, म्हणून तुमच्याकडे आलो आहे. इथवर वाचलंत म्हणजे सासऱ्यांबद्दल तुम्हाला थोडंफार वाटलं असणार. आणि असल्या एखाद्या दारापुढे तुम्हीही कधी ना कधी उभे राहिला असाल, मनात शिव्या देत. फार काही नको. एक ओळ: दार वाईट आहे. खाली नाव. एवढ्यावर ते उद्याच्या उद्या निघेल.

हो, नाव लागेल. खरंच लागेल.

आत्ताच दिलंत तर बरं.

काही हरकत नाही. मी समजू शकतो, तुम्हालाही कामं असतात. मग तुमच्या नावापुढे जे सगळ्यांच्या नावापुढे आहे तेच लिहून टाकतो.