दत्ताभाऊंची धरलेली जागा

मुलांनो, आमच्या गल्लीत गाडी असून पार्किंग नसलेली माणसं पुष्कळ आहेत. पार्किंग असून गाडी नसलेला माणूस एकच, आमच्या खालच्या मजल्यावरचे दत्ताभाऊ. गाडी त्यांनी आयुष्यात कधी घेतली नाही. शिवडीच्या गोदामात मुकादम होते, बसने जायचे आणि बसने यायचे. पण इमारतीच्या दारासमोर, रस्त्याच्या कडेला, एका मोटारीएवढी जागा त्यांनी कित्येक वर्षं अडवून ठेवली होती.

जागा अडवायची मुंबईत एक पद्धत आहे. कोणी दगड ठेवतं, कोणी फुटकी कुंडी, कोणी जुना टायर. दत्ताभाऊंनी एका टोकाला प्लास्टिकची खुर्ची ठेवली. तिचा एक पाय केव्हाच गेलेला होता, त्यामुळे ती भिंतीला टेकून बसलेल्या दारुड्यासारखी दिसायची. दुसऱ्या टोकाला रंगाच्या रिकाम्या डब्यात तुळस लावली. ही तुळस म्हणजे खरी अक्कल. खुर्ची टेम्पोवाला पायाने सरकवतो. तुळशीला पाय लावायची त्याची छाती होत नाही. तो हॉर्न वाजवतो, वर बघतो, आणि खिडकीतून दत्ताभाऊंचा आवाज येतो, "जागा धरलेली आहे."

कोणासाठी, असं नव्या माणसाने विचारलं की दत्ताभाऊ म्हणायचे, "झील येतलो." झील म्हणजे मुलगा. मूळचे मालवणकडचे, मनातलं काही बोलायचं झालं की ते मालवणीवर उतरतात.

हा मुलगा म्हणजे उमेश. खारघरला राहतो, मोठी पांढरी गाडी आहे. एका गणपतीत तो बायकोमुलांना घेऊन आला. गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या लागलेल्या. त्याने दोन फेऱ्या मारल्या. दत्ताभाऊ खिडकीत उभे राहून हात करत होते, आत मोदक वाफवायला ठेवलेले होते. शेवटी उमेशने खालूनच फोन केला, "बाबा, पार्किंगच नाही हो तुमच्याकडे. गाडी कुठे लावू? पुढच्या वेळी बघू." आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची आली. तुळस मागाहून आली.

ही हकीकत मला ठाऊक असल्यामुळे मी पुष्कळ सोसलं. माझी पुण्याची बहीण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर राहायला आली, तेव्हा टॅक्सी दारात घ्यायला ते तयार होईनात. "पाहुणे आले, आनंद आहे, वहिनी. पण जागा धरलेली आहे."

"पाच मिनिटं, दत्ताभाऊ. तिला चालवत नाही."

"आणि त्याच पाच मिनिटांत तो आला तर?"

बहीण कोपऱ्यापासून काठी टेकत आली. तिने त्यानंतर जे काही म्हटलं ते मी इथे लिहीत नाही, तुमची आई हे तुम्हाला वाचून दाखवणार आहे.

रोज सकाळी ते त्या जागेवर बादलीभर पाणी मारायचे. दुसऱ्या कोणाच्या गाडीचं तेल गळलेलं दिसलं की भुसा टाकून घासायचे. दिवाळीत तिथे रांगोळी काढायचे, आणि मग रांगोळीवरून कोणी जाऊ नये म्हणून खुर्ची आणखी पुढे सरकवायचे. म्हणजे दिवाळीत मोटारीऐवजी ट्रकपुरती जागा अडायची. आम्ही बाकीची माणसं त्या खुर्चीला वळसा घालून, येणाऱ्याजाणाऱ्या स्कूटरींपासून अंग चोरत, रस्त्याच्या मधून चालायचो. कारण आमच्या गल्लीला फूटपाथ म्हणून जे होतं त्यावर एक माणूस आडवा चालू शकला असता, सरळ नाही.

फूटपाथ व्हावा म्हणून मी किती अर्ज केले ते तुमच्या आजोबांना माहीत होतं. मला नीटनेटकं लागतं हे तुम्ही जाणता. चपला दारात जोडीने असाव्यात, आणि माणसांनी फूटपाथवरून चालावं. एवढंच माझं मागणं. तुम्ही मागे तुमच्या शहरातल्या गल्लीचा फोटो पाठवलात, फरशी, झाडं, सायकलींचा वेगळा पट्टा, मधे बसायला बाक. तो छापून मी अर्जाला जोडला. त्याचा उपयोग झाला की आपोआपच आमची पाळी आली, कोण जाणे. पण एके दिवशी पिवळं हेल्मेट घातलेली एक इंजिनिअर मुलगी आली आणि तिने दारासमोर नकाशा पसरला.

दत्ताभाऊ चष्मा पुसून आले. नकाशा त्यांनी चारही बाजूंनी पाहिला.

"यात उमेशची गाडी कुठे?"

"काका, इथे फूटपाथ रुंद होणार. ही लाल पट्टी सायकलींची. आणि इथे, तुमच्या दारासमोरच, बाक."

"बाक ठीक. गाडी कुठे?"

"काका, गल्लीत पार्किंग राहणारच नाही."

"तसं कसं राहणार नाही? धरलेली आहे ना जागा."

त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी नकाशाकडे पाहिलं.

पुढचे काही महिने मी ज्या संतापात काढले त्याची तुम्हाला कल्पना यायची नाही. इतक्या वर्षांनी गल्लीत चांगलं काम चाललेलं, आणि हा माणूस रोज त्याच्या मधे. कामगारांनी खणलं की हे खड्ड्याच्या काठावर तुळस ठेवायचे. खडी टाकली की खडीच्या ढिगावर. एकदा तडजोड घेऊन आले. "सायकलवाले जाऊ देत, माझी ना नाही. फक्त तो आला की तेवढं थांबायचं."

"किती वेळ थांबायचं?" मुलीने विचारलं.

"जेवण, मग थोडा पडेल, मग चहा."

सायकलींच्या पट्टीचं काँक्रीट ओतलं त्या दिवशी संध्याकाळी कामगार दोरी बांधून गेले. सकाळी पाहते तो दोरीच्या आत, ओल्या काँक्रीटमध्ये, खुर्ची. दोरी बांधून जागा दुसऱ्याच कोणीतरी धरली, अशी त्यांची समजूत झाली, म्हणून त्यांनी आपला हक्क आधी रोवला. खुर्ची उपसून काढली तेव्हा मागे तीन खड्डे राहिले. पाय तीनच होते. कामगारांचा मुकादम म्हणाला, राहू द्या आजी, एवढं काही दिसत नाही. मी म्हटलं, मला दिसतं. तेवढा तुकडा मी फोडून पुन्हा करून घेतला. दत्ताभाऊ खिडकीतून बघत होते. त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. जिन्यात भेटले तर भिंतीकडे तोंड करून मला वाट द्यायचे, म्हणजे भांडणातही रीत सोडली नाही.

काम पुरं झालं. फरशी बसली, लहान झाडं लागली, बाक आला, अगदी पूर्वी खुर्ची असायची तिथेच. पहिल्या आठवड्यात दत्ताभाऊंनी चकचकीत कपड्यांतल्या एका सायकलवाल्याला हात आडवा करून थांबवलं आणि सांगितलं, "जागा धरलेली आहे." तो बिचारा सायकल उचलून खांद्यावर घेऊन गेला. मग तेही थांबलं. खुर्ची भंगारात गेली. तुळशीचा डबा बाकाच्या पायाशी आला, आणि तो तिथे नीट दिसतो म्हणून मी काही बोलले नाही.

यंदा गणपती झाल्यावर एका संध्याकाळी मी त्या बाकावर बसले होते. दत्ताभाऊ तांब्या घेऊन तुळशीला पाणी घालायला खाली आले. मला पाहून जिन्याकडे परत वळणार, एवढ्यात शेजारच्या इमारतीतल्या कुंदाताई भाजी घेऊन आल्या. त्याही मालवणकडच्याच, आणि विचारायचं ते विचारणाऱ्या.

"काय भाऊ, उमेश येवक नाय गणपतीक?"

हा प्रश्न त्या दर वर्षी विचारतात. दर वर्षी मी पाहत आले होते, दत्ताभाऊ तो ऐकला नाही असं करायचे. तुळशीचा डबा उगाच वळवायचे, खुर्ची सरळ करायचे. समोर जागा स्वच्छ धुतलेली, गाडीएवढी, रिकामी. काय उत्तर देणार?

या वर्षी ते वळले. ताठ उभे राहिले, तांब्या हातात तसाच.

"कसो येतलो गो? गाडी खंय लावतलो? म्युनिसिपाल्टीन जागाच घेतल्यान."

"ता पण खराच," असं म्हणून कुंदाताई गेल्या.

दत्ताभाऊ बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. खूप महिन्यांनी माझ्याशी बोलले. "तुम्हीच केलंत हे सगळं, वहिनी." मी बोलणी खायच्या तयारीत होते. पण आवाजात राग नव्हता. उन्हातून आल्यावर पाणी मिळालेला माणूस बोलतो, तसे बोलले.

खारघरहून इथे यायला गाडीच लागते असं नाही, हे मला माहीत आहे. कोपऱ्यावर आता मेट्रोसुद्धा आली आहे. आणि चुकीचं वाक्य ऐकलं की मला ते दुरुस्त केल्याशिवाय चैन पडत नाही, हे तुम्हाला तुमच्या प्रत्येक पत्राला आलेल्या माझ्या उत्तरावरून कळलं असेल.

"हो ना," मी म्हटलं. "गाडीची फारच पंचाईत झाली."

"तेच सांगतो मी," दत्ताभाऊ म्हणाले, आणि उरलेलं पाणी त्यांनी तुळशीला घातलं.

आता तुमच्याबद्दल. तुमचं विमान लावायची सोय आमच्या गल्लीत पूर्वीही नव्हती, तेव्हा ते कारण तुमच्याकडून चालणार नाही. टॅक्सी कोपऱ्यावर सोडा आणि चालत या. फूटपाथ मी करून घेतलाय.