तांबोळीभाई आणि कंपनीचा भोंगा

स्वतःच्या मुलीच्या लग्नात तांबोळीभाईंनी पाहुण्यांना अत्तर लावायच्या आधी टिकल्या वाटल्या. हिरव्या, गोल, चिकटणाऱ्या, माणशी तीन. मांडवाच्या दारातच फळा उभा. त्यावर 'निकाह वेळेवर', 'बिर्याणीत मटण', 'भाषणं नकोत' असे मुद्दे. "लावा राव, मत द्या! मताला काय जोर काढावा लागतो व्हय?" बिर्याणीवर इतक्या टिकल्या बसल्या की फळा एका अंगाला कलला. काझीसाहेबांनी आपल्या तिन्ही 'वेळेवर' लावल्याच, वर शेजाऱ्याच्याही दोन पळवल्या.

तांबोळीभाई चाकणला आमच्या कंपनीत, गाड्यांचे सुटे भाग घडवणाऱ्या कंपनीत, पर्यावरणाचं खातं सांभाळतात. खातं म्हणजे ते, एक टेबल आणि तो फळा. पाणी, वीज, कचरा, अपघात, यांतलं आधी कशाकडे बघायचं हे कंपनीला दरवर्षी ठरवावं लागतं. बड्या कंपन्या त्यासाठी सुटाबुटातले सल्लागार आणतात. आमच्याकडे तांबोळीभाई टिकल्या घेऊन निघतात. कामगार, माल पुरवणारे, भिंतीपलीकडच्या वस्तीतली माणसं, कुणाला सोडत नाहीत. फळ्यावरची उभी रेघ म्हणजे लोकांना किती टोचतंय, आडवी रेघ म्हणजे कंपनीला किती टोचतंय. दोघांनाही टोचणारा मुद्दा वरच्या उजव्या कोपऱ्यात जातो आणि त्याचं नशीब उघडतं.

एकदा चौकातल्या कोंडीत आमचाच माल घेऊन निघालेला कंटेनर अडकला होता. भाई फळ्यासकट त्याच्या केबिनमध्ये चढले. ड्रायव्हर हरियाणाचा. कोंडी सुटली तेव्हा त्याचं मत घेऊन झालं होतं, क्लीनरचं झालं होतं, आणि शपथेवर सांगतो, ड्रायव्हरला बऱ्यापैकी मराठी यायला लागलं होतं.

स्वतः मात्र एक टिकली लावतील तर शपथ. "विचारणाऱ्यानं मत द्यायचं न्हाई. तसं केलं तर मग मी इचारायला कशाला फिरतोय?"

त्यांची दुसरी खोड भोंग्याची. संध्याकाळी शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला की तोंडातलं वाक्य तिथंच टाकून म्हणायचे, "चढला चहा!" आणि चालू लागायचे. एकदा मोठे साहेब त्यांचं कौतुक करत होते, तेही अर्ध्यावर सोडून गेले.

त्यांचं घर त्या भिंतीपलीकडच्या वस्तीतच. भोंगा ऐकला की रेहानाभाभी चहा चढवायच्या. भाई दारात पोचेपर्यंत उकळी. वर्षानुवर्षं हेच. अलीकडे भाभींची आठवण विस्कटत चाललीय. वार विसरतात, मुलीचं नाव विसरतात, समोर उभ्या नवऱ्याला "कोन होना?" म्हणून, कोण हवंय म्हणून, विचारतात. पण भोंगा झाला की उठून गॅस पेटवतात. "माझं नाव इसरली ती, भोंगा न्हाई इसरली," भाई हे हसून सांगायचे. आम्हीही हसायचो.

यंदा वस्तीनं दोनच मुद्द्यांवर टिकल्यांचा पाऊस पाडला. एक, ओढ्यावरचा तेलाचा तवंग. दुसरा, भोंगा. रात्रपाळी करून दिवसा झोपणारी माणसं, तान्ही मुलं, सगळे त्या आवाजानं दचकून उठत होते.

बैठकीत साहेबांनी फळ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "ओढ्याचं खर्चिक काम आहे, पुढच्या वर्षी बघू. भोंगा बंद करा! शिफ्टचा मेसेज मोबाईलवर जाईल. लोकांचं ऐकलं आणि खर्च शून्य. वा, तांबोळी!"

मी भाईंना कोपरानं ढोसलं. "भाई, ओढ्यावर लावा की तुमची टिकली, भोंगा तरी वाचेल! तुम्हीपण वस्तीतलेच ना?"

"न्हाई भावा. तान्ह्या पोरांची झोप हाय ती."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं भोंग्याचा कागद उजव्या कोपऱ्यात सरकवला. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "पण ओढा सोडणार न्हाई मी." साहेब तोवर टाळ्या वाजवायला लागले होते.

पुढच्या आठवड्यात शिफ्ट सुटल्यावर मी त्यांच्या मागोमाग वस्तीत गेलो. आपल्या गल्लीच्या तोंडाशी भाई थांबले. इकडंतिकडं पाहिलं, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि छाती फुगवून ओरडले, "भोंऽऽऽ!"

वस्तीतली कुत्री उठली. मी दिसल्यावरही ते लाजले नाहीत. "जमत न्हाई राव. कंपनीचा जरा जाड होता, न्हाई का?"

आता माझा आवाज असा की मी चाकणला शिंकलो तर राजगुरुनगरात खिडक्या लावून घेतात. मीही हात तोंडाशी धरले. दोघांनी मिळून दिला भोंगा. पत्रे थरथरले, एक म्हातारी आम्हाला शिव्या देत बाहेर आली, कुणाचं तरी पोर रडायला लागलं. भाई लगेच हात खाली घेऊन म्हणाले, "पुरे, पुरे. पोर उठलं."

त्यांच्या घरातून भांड्याचा आवाज आला नाही.

"चला आत," ते म्हणाले. "आज मीच चढवतो."

भाभी खिडकीशी बसल्या होत्या. भाईंनी गॅस पेटवला, पाणी ठेवलं, आल्याचा तुकडा हातात घेतला आणि वळून विचारलं, "रेहाना, अद्रक डालूं क्या?"

भाभींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

पाणी उकळून अर्ध्यावर आलं, तरी तो तुकडा हातात धरून भाई त्यांच्या उत्तराची वाट पाहत उभे होते.