ठणठणीत अंडी

आप्पांनी अंडं नुसतं उचललं आणि ते हातातच फुटलं. कवच कसलं, त्यापेक्षा कागद बरा. त्याच सकाळी बेकरीवाला अख्खी टोपली परत करून गेला होता. "आप्पा, ही अंडी दुकानापर्यंत पोचतच नाहीत. पुन्हा असं झालं तर मी दुसरीकडून घेईन."

"आणि त्यानं घेणं सोडलं, की कोंबड्या माझ्या भावाकडे!" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

हा मेहुणा कोंबड्यांकडे पाही तो थेट तंगड्यांपासून सुरुवात करून.

आप्पा जनावरांच्या डॉक्टरकडे धावले.

"कॅल्शियम कमी पडतंय," डॉक्टर म्हणाले. "कवच रात्री घडतं. तेव्हा संध्याकाळी शिंपल्यांचा भरडा वेगळ्या भांड्यात ठेवा. अंड्यांची टरफलंही चालतील, पण—"

वाक्यात 'पण' आला की आप्पा उठत. 'भाजून, बारीक कुटून' हे डॉक्टर रिकाम्या खुर्चीला म्हणाले.

आप्पांनी बेकरीच्या मागून टरफलांचं पोतं आणलं आणि तसंच खुराड्यात ओतलं. कोंबड्यांनी ताव मारला. हा खाऊ आपल्याच पोटाखाली ताजा मिळतो, हा शोध थोरल्या तांबड्या कोंबडीला लागायला वेळ लागला नाही. विद्या तिने लपवून ठेवली नाही. आठवडाभरात सगळ्याच अंडं घालायच्या, मागे वळायच्या आणि न्याहारी उरकायच्या.

"अहो, आज अंडी कुठायत?"

"आहेत की."

"कुठे?"

"कोंबड्यांत."

बायकोने कपाळाला हात लावला आणि डॉक्टरांना फोन केला. ती 'पण'च्या पुढचंही ऐकत असे. तिने भरडा आणला, प्लास्टरची अंडी बनवून घरट्यांत ठेवली. टोचून टोचून चोची दुखल्या की खोड मोडते म्हणे. आप्पांना तिने सांगितलं नाही. अर्ध्यात उठणाऱ्याला सांगायचं कसं?

दुसऱ्या सकाळी आप्पांनी घरट्यात हात घातला. अंडी! नखाने वाजवून पाहिलं. ठण! आप्पांचे डोळे भरून आले. अखेर कॅल्शियम लागू पडलं होतं. वाटेत एक अंडं पायरीवर पडलं, गडगडत खाली गेलं आणि जसंच्या तसं राहिलं. बेकरीवाल्याला त्यांनी टोपली जावयाला द्यावी तशी दिली.

दुपारी बेकरीवाला काचेच्या भांड्याचे तुकडे घेऊन दारात उभा. वाटेत भेटलेला मेहुणाही मागे, हातात मोठी रिकामी करंडी.

"भांड्याच्या काठावर आपटलं, भांडंच गेलं!"

"मागच्या आठवड्यात पातळ म्हणत होतास!" आप्पा उसळले. "तुला अंडं पाहिजे तरी कसलं?"

"आत बलक असलेलं! कापून खा त्या कोंबड्या!"

"आलोच," मेहुणा म्हणाला आणि खुराड्याकडे वळला.

"थांब रे!" बायको आडवी झाली. "कोंबड्यांना कोणी बोलायचं नाही. ती अंडी माझी आहेत."

"तुझी?" मेहुण्याने विचारलं.

"म्हणजे प्लास्टरची. खोड मोडायला ठेवलेली. यांनीच लावलेली खोड, आणि अंडी विकली पण यांनीच." ती बेकरीवाल्याकडे वळली. "भांडं माझं घेऊन जा. भरडा सुरू केलाय, महिनाभर कळ काढ. मग अंडी बघायला ये."

बेकरीवाला निवळला. मेहुण्याचा चेहरा मात्र पडला. "ताई, मग मी हात हलवत जाऊ?"

तिने खुराड्याकडे पाहिलं. मग आप्पांकडे पाहिलं. ते प्लास्टरचं एक अंडं कानाशी धरून हलवून बघत होते.

"हात हलवत कशाला? यांना ने. कोंबड्या ताळ्यावर येईपर्यंत ठेवून घे."

आप्पा चपला शोधू लागले.