दाब, ताण आणि आबा मेस्त

आबा मेस्त कुणाच्याही घरी गेले, की बसण्याआधी खुर्चीच्या पायाला बोटाच्या पेरानं ठोकून बघत. माझ्या बहिणीच्या सोयरिकीच्या बैठकीत त्यांनी नवऱ्यामुलाकडच्या खुर्चीला असंच ठोकलं, मान हलवली आणि तासभर उभेच राहिले. यजमानांचे चेहरे पडले. मग त्याच खुर्चीवर मध्यस्थ बसले आणि पोह्यांच्या बशीसकट जमिनीवर आले. "मी खंय काय बोललंय?" आबा म्हणाले. सोयरीक मोडली नाही, हे आमचं नशीब.

आबा आमचे शेजारी, होड्या बांधणारे सुतार; काकी गेल्यापासून घरात एकटेच. देवगडपासून मालवणपर्यंतच्या खाड्यांत त्यांच्या हातच्या होड्या फिरत. शिक्षण चौथीपर्यंत, पण दाब आणि ताण यांत कुणी घोळ घातला, की त्याची धडगत नसे. चहाच्या दुकानात कुणी म्हणायचा, "कौलांच्या दाबान वासो मोडलो." आबा कप खाली ठेवीत.

"दाब भायरसून येता. तो कौलांचो. ताण वाशाच्या पोटात आसता. मोडलो तो ताणान. कौलांका कित्याक गाळी घालतंस?"

मग प्रयोग. हातभर ओली काठी दोन दगडांवर आडवी ठेवायची आणि मधोमध अंगठा दाबायचा. "बघ, वरची साल चुरगाळली, खालची फाटली. आंगठो माजो एकच." तेवढ्यानं भागलं नाही तर पुढचं वाक्य ठरलेलं असे, "पाण्यात बुडी मार. पाणी चारी बाजूंनी सारख्याच दाबान चेपता. तेका उभा-आडवा कळणा नाय. लाकडाक कळता."

पुण्याला इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापकांनी सांगितलं, की दाब आणि ताण दोन्ही एकाच एककात मोजतात, पण एक बाहेरून पडतो आणि दुसरा वस्तूच्या आत उठतो. सगळा वर्ग डोकं खाजवत होता आणि मी हसत होतो. मला हे चहाच्या दुकानात फुकट मिळालं होतं.

साठ सालानंतर मी नोकरीला लागलो आणि पहिलंच काम आलं ते आमच्याच वाडीच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, साकव बांधायचं. शाळा पलीकडच्या काठाला. पावसाळ्यात पोरं घरीच बसत. ऐनाच्या लाकडाच्या तीन तुळया, वर फळ्या. सगळा हिशेब मी वहीत चोख मांडला होता. फळ्या ठोकून झाल्यावर आबा आले आणि त्यांनी मधल्या तुळईला ठोकलं.

"हिच्या खालच्या आंगाक गाठ आसा. उलटी घाल. वर रवली तर चेपान घट रवतली, खाली रवली तर फाटतली."

मजूर ऐकत होते. मी तापलो. "आबानू, ताण मी काढललो आसा. ही बघा वही."

"खंयच्या लाकडाचो?"

"ऐनाचो."

"पुस्तकातल्या ऐनाचो. ह्या ऐनाक गाठ आसा."

त्यांना दाखवायचंच म्हणून मी दुप्पट भाराचे जांभ्या दगडाचे चिरे साकवावर रचायला लावले. आबा काठावर बसून बिडी ओढत होते. शेवटची रांग चढली आणि मधली तुळई करकरली. चिरे उतरवून बघतो तर गाठीपाशी बोट जाईल एवढी चीर. माझं तोंड त्या चिऱ्यांसारखं लाल झालं. चार दिवसांनी मोठे साहेब पाहणीला यायचे होते, आणि दुसरी तुळई मंजूर होऊन यायची म्हणजे पावसाळा उजाडणार. पोरांचं आणखी एक वर्ष बुडालं असतं आणि माझी नोकरीही धड राहिली नसती.

दुसऱ्या दिवशी आबा चार गडी घेऊन खाडीच्या चिखलातून एक तुळई ओढत आले. काळी, सरळ, कीड लागू नये म्हणून खाऱ्या चिखलात मुरवलेली. तिला एकच गाठ होती, ती त्यांनी स्वतः वरच्या अंगाला घेतली. तीन दिवस ते फक्त झोपायला घरी गेले.

साहेब आले, साकवावरून चालले, खाली वाकून बघितलं. "मधली तुळई उत्तम आहे. कुणी निवडली?"

मी तोंड उघडणार तोच आबा कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "आमच्या इंजिनिअरसाहेबांनी. गाठ कुठे ठेवायची ते त्यांना बरोबर समजतं."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला साहेब म्हटलं. मी मुकाट उभा राहिलो, त्याची लाज आजही वाटते; आणि त्या माणसाच्या शेजारात वाढलो याचा अभिमान त्याहून जास्त.

साहेब गेल्यावर मी विचारलं, "आबानू, ही तुळई खंयची?"

"होडयेच्या तळाची."

"कोणाच्या होडयेच्या?"

"माझ्या."

गावभरच्या होड्या बांधणाऱ्या या माणसाला स्वतःची होडी नव्हती, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आबा फळीवर बसले, पाय खाली सोडले.

"तुझ्या काकयेक होडयेत बसवन म्हायेरा न्हेवचा होता. म्हणान लाकूड चिखलात घातललंय. ती गेली, लाकूड रवला. रोज जावन बघून येय; घराक तरी कोण होता?" त्यांनी फळीवरून हात फिरवला. "आता तेच्यावरसून पोरां शाळेक जातली. आणि साकव बांधलो तो आमच्या वाडीच्या इंजिनेरान. वर गेल्यार तिका सांगाक माझ्याकडे कायतरी आसा."