एकेक करून मरणाऱ्या मशिनी

"कोणाला कळणारसुद्धा नाही!" असं सगळ्या ऑफिसाला ऐकवून उन्मेषनं सकाळी साठवणीच्या साठ डिस्कांच्या तीनशे केल्या. नागपूरच्या मिहानमधल्या त्याच्या कंपनीकडे बारा दवाखान्यांचे स्कॅन असायचे. प्रत्येक दवाखान्याची एक आभासी मशीन, म्हणजे संगणकातला संगणक, आणि बाराही एकाच सर्व्हरवर.

दुपारी एकला पहिली मशीन मेली. ना धूर, ना आवाज! दहा मिनिटांत दुसरी. मग तिसरी. बाहेर शेहेचाळीस डिग्री, रस्त्यावर कुत्रंही नाही. आत मात्र उन्मेषच्या पाठीवरून बर्फाचा गोळा घसरला. डिस्का धडधाकट, मेमरीत भरपूर जागा, हिरवे दिवे शांतपणे लुकलुकत होते. मयताच्या घरात पाहुणे हसत बसावेत तसे!

फोन वाजला. बारातल्या एका दवाखान्याच्या डॉक्टर वैदेही होत्या. "माझा पेशंट टेबलावर आहे. कवटी उघडायची आहे आणि त्याचा स्कॅनच उघडत नाहीये!"

"दोन मिनिटं, मॅडम!"

त्यानं तपासणीची खिडकी उघडली. चौथी मशीन गेली. दुसरी खिडकी उघडली, पाचवी गेली! तिसऱ्या वेळी चालू मशिनींची साधी यादी मागितली, तर सर्व्हरनं उत्तर दिलं, 'नवीन प्रक्रिया सुरू करता येत नाही.'

एसी दुरुस्त करायला आलेले देवराव शिडीवरून हे पाहत होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, तुम्ही पाहून राहिले म्हणून मरून राह्यल्या त्या. जरा तोंड फिरवा."

उन्मेषनं खरंच भिंतीकडे तोंड फिरवलं! मागे लतिकाताई उभ्या. त्याच्या वरिष्ठ.

"काहून गा, भिंतीकडे पाहून काय करून राहिला?"

त्यानं सगळं सांगितलं. ताईंनी आधी त्याचे हात कीबोर्डवरून उचलले.

"अरे, प्रत्येक मशीन जसजशी नव्या डिस्कशी बोलते, तसतसे दर डिस्कला दोन थ्रेड धरते. थ्रेड म्हणजे कामाचा हात. साठ डिस्कांना एकशेवीस हात, तीनशेंना सहाशे! बारा मशिनी झाल्या किती?"

"सात हजार दोनशे."

"आणि या सगळ्या ज्या खात्यावर चालतात, त्याला मर्यादा चार हजारांची. जिला नवा हात मिळत नाही, ती पडते. तुझी तपासणीची प्रत्येक खिडकीही सगळ्या डिस्कांशी बोलते, सहाशे हात खाते. किती उघड्या आहेत?"

"...दोन."

ताईंनी मुख्य खात्यातून आत शिरून दोन्ही खिडक्या बंद केल्या, मर्यादा वाढवली, मशिनी उठवल्या. एक... दोन... पाच! फोनवर डॉक्टर वैदेही म्हणाल्या, "दिसला स्कॅन. सुरू करतेय."

संध्याकाळी अहवाल भरायचा होता. 'कारण' या रकान्यात तीनच पर्याय होते: यंत्र, वीज, माणूस. त्यानं बराच वेळ 'वीज'वर बोट फिरवलं. मग छाती काढून, प्रामाणिकपणे 'माणूस' निवडलं. किती हलकं वाटलं त्याला!

तेवढ्यात खाली आणखी एक रकाना उघडला: 'संपूर्ण नाव लिहा.'