बारा झाडं आणि बारा पाट्या

रविवारी सकाळी नऊला शहरातून पाहुणे यायचे होते आणि बाराही निलगिरींच्या पाट्या पाचोळ्यात पडल्या होत्या.

त्या पाट्या नॉर्म टकवेलने लावलेल्या. कुंपणाचे खांब चिरण्यात जन्म गेलेला हा माणूस तीस वर्षं गावच्या निसर्गमंडळाची झाडओळख-फेरी काढत होता. मंडळाची नवी अध्यक्षा पामेला हॉकली हिने बजावलं होतं की लोकांना छापील नावं हवीत. पाट्यांचा घोळ झाला तर पुढची फेरी ती स्वतः काढेल. जिवंत झाडाला खिळा ठोकणं नॉर्मच्या रक्तात नव्हतं. त्याने पाट्या सुटलेल्या सालीत खोचल्या. जानेवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, निलगिरी साल टाकते, हे गावातल्या पोरांनाही ठाऊक होतं. शनिवारी रात्री उत्तरेचा गरम वारा सुटला आणि सालीसकट पाट्या खाली आल्या.

पामेला लवकर आली आणि तिने पाट्या अंदाजाने परत खोचल्या. नॉर्म पोचेपर्यंत तिने फेरी सुरूही केली होती.

"हा आयर्नबार्क. साल लोखंडासारखी, खडबडीत," तिने वाचलं.

एका पाहुण्याने पांढऱ्या खोडावरून हात फिरवला. "बाई, हे तर माझ्या टकलापेक्षा गुळगुळीत आहे."

हशा पिकला. पामेलाने सगळं खापर नॉर्मवर फोडलं आणि पुढच्या रविवारपासून फेरी आपली, असं तिथेच जाहीर केलं.

नॉर्मने पाट्या गोळा करून टोपीत टाकल्या, डोळे मिटले आणि त्या टकलू पाहुण्याला म्हणाला, "ने मला कुठल्याही झाडाकडे."

पहिल्या खोडाच्या खोल भेगांत बोटं गेली, चिकट डिंक लागला. "हा खरा आयर्नबार्क." दुसऱ्याची साल केसाळ. "स्ट्रिंगीबार्क. याचे दोर मी वळलेत." तिसरं खोड गुळगुळीत. नॉर्म थबकला. तसली तिथे चार होती. पामेला गालात हसली.

"या झाडाची डहाळी द्या कुणीतरी."

त्याने कळ्या चाचपल्या. "तीनच. क्रूसासारख्या. ही मॅना गम निलगिरी."

बाराव्या झाडाला टाळ्या थांबेनात. पुढच्या रविवारी नॉर्मच हवा, असं पाहुण्यांनी एकमुखाने सांगितलं.

गर्दी पांगताना पामेला एका झाडाखाली डहाळी घेऊन पुटपुटत होती. "सात कळ्या. कळीच्या टोपीला चोच. नॉर्म, हा रिव्हर रेड गम ना?"

"बरोबर," नॉर्म म्हणाला. "आता डोळे मिटून सांग."

अध्यक्षबाईंनी निमूटपणे डोळे मिटले.