टेकाळे मॅडमचा रांजण

टेकाळे मॅडमसमोर 'होत नाही' असं म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, तर त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "कोण म्हणतं? नाव सांग."

आणि नाव सांगेपर्यंत त्या पुढं सरकत नसत. एकदा पिंगळीहून येणारी पॅसेंजर रखडली, मला कॉलेजात पोचायला उशीर झाला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, या गाडीनं वेळेत येणं होत नाही."

"कोण म्हणतं?"

"रेल्वे म्हणते, मॅडम."

"तिला माझ्याकडं पाठव."

मॅडम परभणीतल्या आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. पन्नाशी उलटलेली, बुटकी बाई, साडीवर गुडघ्यापर्यंत लोंबणारा पांढरा ॲप्रन. ॲप्रनच्या डाव्या खिशात भुईमुगाच्या शेंगा आणि उजव्या खिशात स्पिरिटच्या कापसाची डबी. प्रयोगशाळेच्या आत त्यांनी कधी एक दाणा तोंडात टाकला नाही. भूक लागली की उंबरठ्याबाहेर यायच्या, व्हरांड्यात उभ्या उभ्या शेंगा फोडायच्या, हात धुवायच्या आणि बोलणं जिथं तुटलं होतं तिथून जोडून घ्यायच्या. कधी कधी वाक्यातलं क्रियापद व्हरांड्यातून ऐकू यायचं.

त्यांच्या शिव्यासुद्धा विषयाला धरून असायच्या. आमच्या वर्गातला पाथरीचा गजानन कुठंही घुसायचा आणि कशालाही हात लावायचा, म्हणून तो 'स्यूडोमोनास', म्हणजे कुठंही वाढणारा जंतू. माझी आई डब्यात दही पाठवायची, आणि दही लावणं हे जिवाणूंचंच काम, म्हणून ती 'आपली बाई'. आणि आमचे प्राचार्य 'स्पोर'. काही जिवाणू अडचणीची वेळ आली की स्वतःभोवती टणक कवच करून गप्प पडून राहतात, त्याला स्पोर म्हणतात. "विज्ञान म्हटलं की हा माणूस कवचात जातो," मॅडम म्हणायच्या. "आणि सत्काराचा हार दिसला की उगवतो."

मी सांगतेय तो आमचा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षानंतरचा उन्हाळा. परीक्षा संपायच्या आधी आम्ही तिघांनी, म्हणजे मी, गजानन आणि परभणीतच राहणारी तबस्सुम यांनी, मोठ्या शहरांतल्या संशोधन संस्थांकडं उन्हाळ्यात काम शिकायला मिळावं म्हणून अर्ज केले होते. तिघांनाही नकाराचे मेल आले. एकसारखेच होते, फक्त नावं वेगळी. तबस्सुम तर रडलीच. "मॅडम, आपल्यासारख्यांना रिसर्च करायला मिळणं होत नाही," ती म्हणाली.

चष्मा कपाळावर गेला. "कोण म्हणतं? नाव सांग."

तबस्सुमनं मोबाइल पुढं केला. मेलच्या खाली नाव नव्हतं. 'हा संदेश आपोआप पाठवलेला आहे, कृपया उत्तर देऊ नये,' एवढंच होतं. मॅडमनी तिथल्या तिथं उत्तर दिलं. 'आपण कोण बोलायलात?' असं, मराठीत. मग मोबाइल परत करत म्हणाल्या, "उद्या सकाळी लॅबवर या. टोपी घालून या, ऊन लय हाय."

दुसऱ्या दिवशी लॅबला कुलूप होतं. सुट्टीत प्रयोगशाळा उघडायची नाही, असं प्राचार्यांनी सांगून ठेवलं होतं. मॅडम त्यांच्या केबिनमध्ये गेल्या आणि दार उघडंच राहिल्यामुळं आम्हाला सगळं ऐकू आलं.

"मॅडम, लाइट, पाणी, मुलींची जबाबदारी. सुट्टीत लॅब चालवणं होत नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

स्वतःचंच नाव सांगणारा माणूस मॅडमना आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच भेटला. त्यांनी चष्मा कपाळावरून परत नाकावर घेतला. मग "बरं," म्हणाल्या आणि बाहेर येऊन त्यांनी शिपायाकडून चार खुर्च्या आणि एक स्टूल मागून घेतलं. कुलपासमोर व्हरांड्यातच खुर्च्या मांडल्या, स्टुलावर स्टाफरूममधला जुना मायक्रोस्कोप ठेवला आणि शिकवायला सुरुवात केली. दिवस प्रवेशाची चौकशी करायला येणाऱ्या पालकांचे. येणारा प्रत्येकजण थांबून विचारायचा, "हे बाहेर कशाला बसलेत?" आणि मॅडम खड्या आवाजात सांगायच्या, "आत जागा हाय, पण साहेबांना वाटतं आम्ही गार वाऱ्याला बसावं."

वारा कसला, नुसत्या झळा होत्या. पण दोन दिवसांत किल्ली आली. किल्लीबरोबर निरोपही आला. पुढच्या महिन्यात संस्थेची समिती येणार आहे. विभागाला विद्यार्थी कमी आहेत. या खोलीतून काही दाखवता आलं तर दाखवा, नाहीतर इथं स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका होईल.

"आता मजा हाय," मॅडम म्हणाल्या.

काम काय करायचं, ते त्यांनी आधीच ठरवलं होतं. पाथरीकडं कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भुईमूग असतो. गजाननच्या चुलत्याच्या वावरात तो उभा होता. भुईमुगाच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्या गाठींत हवेतला नत्र पकडून झाडाला देणारे जिवाणू राहतात. ते वेगळे काढायचे, वाढवायचे आणि त्यांतले जास्त जोमदार कोणते ते बघायचं. गजानन एसटीतून मातीच्या ढेकळासकट झाडं घेऊन आला. मॅडमनी एक गाठ ब्लेडनं कापून आम्हाला दाखवली. आत गुलाबी रंग होता, ताज्या जखमेसारखा.

"म्हणजे घरात माणसं हायती," त्या म्हणाल्या. "चला."

निर्जंतुक करायचं मोठं यंत्र बंद पडलेलं होतं, म्हणून तबस्सुमच्या घरून भला मोठा कुकर आला. तिच्या अम्मीनं ताकीद देऊन पाठवला होता, "ईद के पहले वापस होना." त्यात माध्यम, म्हणजे जिवाणूंचं खाणं, शिजवायचं, काचेच्या ताटल्यांत, म्हणजे प्लेटींत, ओतायचं, गोठलं की त्यावर गाठीचा रस तारेनं ओढायचा. माध्यमात लाल रंग घातलेला असतो. बहुतेक उपरे जंतू तो रंग पिऊन लाल होतात. आपल्याला हवे ते पांढरे राहतात.

अडचण वेगळीच निघाली. या जिवाणूंना थंडावा लागतो, फार तर पावसाळी हवेइतकी ऊब. आणि परभणीचा मे महिना. आमचा इनक्युबेटर फक्त गरम करू शकत होता; त्याचं बटण बंद ठेवलं तरी तो तापायचा. पहिल्या प्लेटी वाळून पापडासारख्या तडकल्या. दुसऱ्या वेळी आम्ही कूलरपुढं ठेवल्या, तर त्यांच्यावर काळी बुरशी दाढीसारखी उगवली. वरून रोज लाइट जायची.

गजानन घाम पुसत म्हणाला, "मॅडम, हे जमायचं न्हाई. एसी असल्याबिगर होत..." आणि वाक्य अर्ध्यावर गिळून टाकलं.

मॅडमनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. दुपारी त्या स्कूटीवर बसून बाजारात गेल्या. परत आल्या तेव्हा मागं एक ऑटो होता आणि ऑटोत सीटवर, प्रवाशासारखा, एक मोठा मातीचा रांजण बसला होता. त्याच्या मांडीवर दुसरा लहान.

लहान रांजण मोठ्यात ठेवला. मधल्या जागेत वाळू भरली आणि वाळूवर पाणी ओतत राहायची पाळी लावली. प्लेटी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा लहान रांजणात, वर ओलं पोतं. संध्याकाळी आत थर्मामीटर सोडला. पारा खाली यायला लागला तसा गजानन वाकून वाकून बघत होता. हवा तेवढा खाली येऊन तो थांबला, तेव्हा त्यानं रांजणालाच हात जोडले.

"त्याला कशाला?" मॅडम म्हणाल्या. "पाणी कुणी घालायचं ते ठरवा."

हे जिवाणू सावकाश वाढतात. आठवडाभर आम्ही रांजणाला पाणी घालत होतो आणि झाकण उघडायला मॅडम परवानगी देत नव्हत्या. आठवडा झाल्यावर त्यांनी डबा उघडला. लालसर माध्यमावर रेषेच्या शेवटाला पांढरे, ओलसर, चकचकीत ठिपके होते. तबस्सुमनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाढली. मॅडम उंबरठ्याबाहेर गेल्या आणि ओळीनं चार-पाच शेंगा फोडून खाल्ल्या.

समिती आली ती ऐन दुपारी. तिघं होते, घामानं निथळलेले, मागं आमचे प्राचार्य. त्यांतल्या सगळ्यात वयस्कर गृहस्थांनी रांजण बघितला, समाधानाचा सुस्कारा सोडला आणि ते ग्लास शोधायला लागले.

"साहेब, ते पाणी नाही," मॅडम म्हणाल्या. "तिथं लोक राहतात."

साहेब दचकून मागं सरकले. प्राचार्य कवचात गेले. मग मॅडमनी मला पुढं ढकललं, "सांग." मी आधी चाचरले. पण गाठ कापून दाखवायला घेतली आणि बोलता बोलता थांबेचना. कोणत्या वावरातली, कशी वाढली, पहिल्या प्लेटी कशा तडकल्या, सगळं सांगितलं. एकानं विचारलं, "पण हे असल्या साधनांवर केलेलं संशोधन कोण मानणार?"

मी म्हणाले, "सर, इथला शेतकरी याच उन्हात भुईमूग घेतो. त्याच्या वावरातले जंतू कुठं तपासायचे मग?"

म्हातारे साहेब हसले. त्यांनी प्लेट हातात घेऊन उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिले. खोली एक वर्षासाठी वाचली. पुढचं पुढं बघू, असं प्राचार्य म्हणाले. त्यांनाही त्या दिवशी हार मिळाला.

खरं तर आमचं काम तिथंच संपलं होतं. मला नांदेडला एमएस्सीला जायचं होतं, तबस्सुम बीएडला चालली होती, गजाननला पुण्यात एका कारखान्यात नोकरी लागत होती. पण मॅडम म्हणाल्या, "परत एकदा करून बघितल्याशिवाय खरं मानायचं नाही." बरोबर होतं. केलं. तेच आलं. मग त्या म्हणाल्या, माध्यम नव्या बाटलीतलं घेऊ. घेतलं. तेच आलं. मग वावराच्या दुसऱ्या कोपऱ्यातली झाडं आणा.

"मॅडमला झालंय काय?" गजानन वैतागला. "पांढरे ते पांढरेच यायलेत की."

त्या संध्याकाळी मॅडम मोबाइल लॅबमध्येच विसरल्या. माझ्या गाडीला वेळ होता, म्हणून मी तो द्यायला वसमत रोडवर त्यांच्या घरी गेले. त्यांचं घर मी पहिल्यांदाच बघत होते. पुढच्या खोलीत दोन पलंग होते. एकावरची गादी गुंडाळून दोरीनं बांधलेली, शेजारी चालताना धरायची चौकट भिंतीला टेकवून ठेवलेली.

"आई थंडीत गेली," मॅडम चहा गाळत म्हणाल्या. "दिवसभर हाका मारायची. विमल पाणी दे, विमल पंखा लाव. मी चिडायचे. आता घरात काही ऐकूच येत नाही गं. लॅबमध्ये निदान कुकरची शिट्टी तरी होते."

मी कप घेतला आणि एक घोट घेऊन तसाच धरून बसले.

"साखर कमी झाली का?" त्या एकदम कडक आवाजात म्हणाल्या. "मग सांगावं माणसानं."

दुसऱ्या दिवशी गेटवर मी दोघांना मॅडमच्या घरचं सांगितलं. आत गेलो तर मॅडम खिडकीपाशी प्लेट धरून उभ्या होत्या. वळवून वळवून बघत होत्या. काढायचे तेवढे दोष काढून झाले होते. "छान हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "झालं म्हणायचं. आता तुमचे तुम्ही..."

गजानन पुढं झाला. प्लेट त्यांच्या हातातून घेतली, डोळ्यांजवळ नेली. "मॅडम, मला ही कड बराबर वाटंना. हितं काहीतरी लालसर दिसायलंय."

तिथं काही नव्हतं. तबस्सुम वाकली. "हो मॅडम, मला पण दिसायलंय. परत करावं लागेल."

मॅडमनी प्लेटकडं पाहिलं, मग आमच्याकडं, एकेकाकडं.

"आठवडा जाईल," त्या म्हणाल्या.

"जाऊ द्या की," मी म्हणाले.

त्यांनी कुकर उचलला आणि पाणी भरायला सिंककडं गेल्या. नळ बराच वेळ चालू राहिला. कुकर भरून पाणी वाहायला लागल्याचा आवाज आम्हाला येत होता. आम्ही तिघं त्यांच्याकडं पाठ करून नव्या प्लेटींवर तारीख टाकत बसलो.